गोतो शिम्पेई : तैवानात जमलं ते टोकियोत का अडलं?

पाणवठा

सामान बांधायच्या चौकोनी फडक्याला जपानीत फुरोशिकी म्हणतात. 'ओओबुरोशिकी' म्हणजे भलंमोठं फडकं. अवाच्या सवा बेत मांडणाऱ्या माणसाला जपानी लोक हे नाव ठेवतात, आणि गोतो शिम्पेईला (१८५७–१९२९) ते कायमचं चिकटलं. (जपानी रीतीप्रमाणे गोतो हे आडनाव.) गेले काही महिने या माणसाबद्दल मिळेल ते वाचतोय. एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. ईशान्य जपानमधल्या मिझुसावाचा, आजच्या इवाते प्रांतातला. घराणं सामुराई, पण १८६८च्या यादवीत हरलेल्या बाजूचं, त्यामुळे नव्या राजवटीत वशिला असा नाहीच. नात्यातले ताकानो चोएई हे डच ग्रंथांवरून पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले पंडित. शोगुनच्या (म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या) धोरणावर टीका केली म्हणून ते तुरुंगात गेले होते. हरलेल्या मुलखावर नेमलेल्या यासुबा यासुकाझु या अधिकाऱ्याने गोतोची हुशारी हेरली. पुढे तोच त्याचा सासरा झाला. सुकागावाला वैद्यकी शिकून गोतो नागोयाला आला आणि पंचविशीच्या आसपास तिथल्या वैद्यकशाळेचा प्रमुख झाला. एप्रिल १८८२मध्ये गिफूला लोकहक्क चळवळीचे पुढारी इतागाकी ताइसुके यांच्यावर सुरीहल्ला झाला, तेव्हा त्यांच्या जखमांवर उपचार केले ते गोतोने.

तिथून गृहखात्याचा आरोग्य विभाग, जर्मनीत शिक्षण, १८९८ ते १९०६ तैवानचा मुलकी कारभार, मग ईशान्य चीनमधल्या दक्षिण मांचुरिया रेल्वेचा पहिला अध्यक्ष, दळणवळण मंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री, टोकियोचा महापौर, भूकंपानंतर पुन्हा गृहमंत्री. बालवीर संघटनेचा आणि टोकियो नभोवाणीचाही पहिला अध्यक्ष तोच. सार्वत्रिक मतदानातून मात्र तो कधीच निवडून आला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तैवान जपानला १८९५मध्ये चीनकडून मिळालं. पहिली तीन वर्षं नुसता खर्च आणि बंडाळी. फेब्रुवारी १८९८मध्ये जनरल कोदामा गेन्तारो गव्हर्नर-जनरल झाला आणि मुलकी कारभार त्याने गोतोवर सोडला. गोतोचं म्हणणं डॉक्टरी थाटाचं होतं : एका जातीच्या माशाचे डोळे काढून दुसऱ्या जातीच्या माशाला बसवता येत नाहीत, तसे जपानचे कायदे उचलून तैवानला लावता येत नाहीत, आधी तिथला समाज तपासा. म्हणून त्याने मोजणी लावली. जमीन मोजली, रीतिरिवाजांची पाहणी करायला कायदेपंडित ओकामात्सु सान्तारोला आणलं आणि १ ऑक्टोबर १९०५ला घरोघर शिरगणती घेतली. खुद्द जपानची अशी पहिली शिरगणती १९२० सालची, म्हणजे पंधरा वर्षांनी!

जमिनीच्या बाबतीत पेच असा होता की एकाच शेतावर तीन थर बसलेले. सर्वांत वर मूळ पट्टेदार, तो फक्त खंड खाणारा. मधे प्रत्यक्ष ताबेदार. खाली कसणारं कूळ. गोतोच्या कारभाराने १९०४मध्ये वरच्या पट्टेदारांना सरकारी रोखे देऊन त्यांचा हक्कच विकत घेतला आणि मधल्याला मालक ठरवलं. जमीनही कागदावर होती त्याहून खूप जास्त निघाली. महसूल तिपटीच्या वर गेला आणि १९०५पासून तैवानला टोकियोकडून अनुदान घ्यावं लागलं नाही.

आता १९२३. १ सप्टेंबरला ११ वाजून ५८ मिनिटांनी कान्तोचा भूकंप झाला, मग आगी लागल्या, सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली. होन्जो भागातल्या एका मोकळ्या मैदानात आसऱ्याला आलेल्यांपैकी ३८ हजारांच्या आसपास माणसं एका जागी जळून मेली. दुसऱ्या दिवशी गोतो गृहमंत्री झाला आणि लगेच त्याने चार गोष्टी ठरवल्या : राजधानी हलवायची नाही, खर्चाला ३०० कोटी येन, नगररचना अद्ययावत, आणि जमीनमालकांपुढे नमायचं नाही. योजना काय, तर सगळी जळित जमीन सरकारने रोखे देऊन विकत घ्यायची, रस्ते आणि बागा आखायच्या, उरलेली परत विकायची.

युक्ती तीच, तैवानातली. रोखे द्या, हक्क घ्या, नव्याने आखा. तैवानात ती वर्षभरात पार पडली. टोकियोत तिचे तुकडे होत होत शेवटी ५० कोटींच्याही खालचा आराखडा मंजूर झाला.

माझं मत असं की तैवानात 'नाही' म्हणायला कोणी नव्हतं आणि टोकियोत होतं, एवढाच फरक. तुम्हाला काय वाटतं?

---

निशिगंध

सुंदर धागा. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे तुम्ही ज्यावरून भरभर पुढे गेलात तिथे मी थांबते.

गोतोंना तैवान मिळालं ते निनोशिमामुळे. १८९५चं चीनशी युद्ध संपलं तेव्हा परतणाऱ्या फौजेत पटकी होती. सुमारे २ लाख ३० हजार सैनिक जहाजांनी येणार आणि मग आपापल्या गावी पांगणार. हिरोशिमाजवळचं निनोशिमा बेट, शिमोनोसेकीजवळचं हिकोशिमा आणि ओसाकाचं साकुराजिमा अशा तीन ठिकाणी विलगीकरणाची केंद्रं दोनेक महिन्यांत उभी केली गेली. कपडे-सामान वाफेच्या मोठ्या टाक्यांतून निर्जंतुक करायचं, माणसांना आंघोळ, आजारी असेल तो वेगळा. लढाई जिंकून आलेल्या सैनिकांना घराच्या दाराशी अडवून ठेवणं किती अवघड असेल! वरचा अधिकारी होता कोदामा. त्याने गोतोंचं काम तिथे पाहिलं आणि तीन वर्षांनी तैवानला जाताना त्यांनाच बरोबर नेलं. त्या वर्षी जपानात पटकीने ४० हजारांच्या आसपास माणसं मेलीच. ही केंद्रं नसती तर आकडा कुठे गेला असता याची कल्पना करवत नाही.

आणि त्याच्या आधीचं एक प्रकरण. सोमा घराण्याच्या माजी सरदाराला वेडा ठरवून नातेवाइकांनी कोंडून ठेवलंय, अशी तक्रार निशिगोरी नावाचा त्याचा जुना सेवक करत होता. गोतोंनी त्या सेवकाची बाजू घेतली. नोव्हेंबर १८९३मध्ये त्यांनाच अटक झाली. आरोग्य विभागाचा प्रमुख तुरुंगात! १८९४मध्ये निर्दोष सुटले, पण पद गेलं होतं. बड्या घराण्याशी वैर घेऊन एका नोकराच्या शब्दावर विश्वास ठेवणारा हा माणूस. पुढचं सगळं वाचताना हे मी विसरू शकत नाही.

---

ताम्हण

निशिगंध, तुमचं म्हणणं पटतं. पण मग पुढचं सगळंही न विसरता वाचायला हवं.

पाणवठा, तुम्ही लिहिलंत की तैवानात 'नाही' म्हणायला कोणी नव्हतं. होते. त्यांना मारलं. नोव्हेंबर १८९८मध्ये 'दरोडेखोर शिक्षा कायदा' आला. टोळी करून हिंसेने उद्देश साधू पाहणाऱ्याला मृत्युदंड, आणि प्रयत्न फसला तरी तीच शिक्षा. १८९८ ते १९०२ या काळात मारलेल्यांचा आकडा गोतोनेच पुढे दिला आहे, १२ हजारांच्या जवळपास. तेव्हा बेटाची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास होती, हे शिरगणतीनेच सांगितलं.

मे १९०२मध्ये दोउलिऊ भागात शरण आलेल्यांना 'शरणागती समारंभ' म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी एकाच दिवशी बोलावलं आणि तिथेच गोळ्या घातल्या. दोनशेच्या वर माणसं. याच राजवटीने ऐंशीच्या पुढच्या वृद्धांना सन्मानाची मेजवानी दिली होती आणि १९०० साली जुन्या पंडितांना ताइपेईला बोलावून त्यांचा सत्कार केला होता. समारंभाचं आमंत्रण आलं की माणसं येतात, हे ओळखूनच.

शिवाय होको. दहा घरांचा एक गट, दहा गटांची एक तुकडी, आणि एकाने गुन्हा केला तर दंड सगळ्यांना. ही चीनची जुनी पद्धत गोतोने पोलिसांच्या हाताखाली आणून बसवली. 'आधी समाज तपासा' या वाक्याचा अर्थ इथे उघड होतो. कुठे दाबलं की काय हलतं, हे कळायला तपासणी.

---

पाणवठा

ताम्हण, तुमचा आक्षेप मान्य. 'कोणी नव्हतं' हे माझे शब्द चूक होते. मी आकडे वाचले होते, तरी वाक्य तसं लिहिलं गेलं. ते मागे घेतो.

अफूबद्दल मला अजून नीट ठरवता येत नाही. जपानी अधिकाऱ्यांत एक गट म्हणत होता की अफू एकदम बंद करा. गोतोने तैवानला जायच्या आधीच सुचवलं की व्यसनींना परवाने द्या, नवा परवाना देऊ नका, विक्री सरकारच्या हाती ठेवा. पिढी संपेल तसं व्यसन संपेल. १९०० साली परवानाधारक १ लाख ६९ हजारांच्या आसपास होते, पुढे आकडा सतत उतरत गेला. डॉक्टर म्हणून विचार केला तर हे शहाणपणाचं वाटतं. पण सरकारचं मोठं उत्पन्न त्याच अफूवर उभं होतं, आणि ती विक्री १९४५पर्यंत पुरती संपली नाही. निशिगंध, तुम्ही काय म्हणाल?

---

निशिगंध

व्यसन हळूहळू सोडवणं हे वैद्यकाला धरून आहे. मात्र ज्याच्या हातात औषधाची मात्रा कमी करायचं काम, त्याच्याच गल्ल्यात विक्रीचा पैसा जात असेल तर मात्रा कमी व्हायला वेळ लागतोच. मी गोतोंना यात पूर्ण दोष देणार नाही आणि पूर्ण श्रेयही नाही.

सांडपाण्याबद्दल मात्र निःशंक श्रेय. विल्यम बर्टन हा स्कॉटिश अभियंता गोतोंच्याच शिफारशीवरून तैवानात गेला, ताइपेईची गटारं आणि पाणीपुरवठा यांची आखणी त्याने आणि त्याचा शिष्य हामानो याशिरो याने केली. बर्टन १८९९मध्येच वारला. काम हामानोने पुढे नेलं.

---

माळरान

साखरेचा विषय निघालाच नाही. कृषितज्ज्ञ नितोबे इनाझोला गोतोने १९०१मध्ये बोलावलं आणि त्याच्या अहवालावर तैवानचा ऊस उभा राहिला : नवं बेणं, पाणी, यंत्राचे कारखाने. १९०५पासून प्रत्येक कारखान्याला ठराविक मुलूख नेमून दिला. त्या मुलखातल्या शेतकऱ्याने ऊस त्याच कारखान्याला घालायचा, भाव कारखाना ठरवणार, वजनही तोच करणार. तैवानी लोकांत म्हण पडली की पहिल्या नंबरचा खुळा कोण, तर ऊस लावून कंपनीच्या काट्यावर नेणारा.

माझ्या घरी ऊस आहे. या म्हणीचं स्पष्टीकरण मला कोणी द्यावं लागलं नाही.

---

रूळजोड

गोतोची रेल्वे राहिली, ती मी सांगतो!

जपानचे रूळ १०६७ मिलिमीटरचे, अरुंद. १९०६च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण मांचुरिया रेल्वे गोतोच्या हाती आली तेव्हा तिथेही रशियाशी झालेल्या युद्धाच्या काळात हेच अरुंद रूळ पडले होते. त्याने ते १४३५ मिलिमीटरचे करायला घेतले आणि १९०८पर्यंत काम झालंही. १९०८मध्ये दळणवळण मंत्री आणि रेल्वे मंडळाचा पहिला अध्यक्ष म्हणून टोकियोला आला तो हाच ध्यास घेऊन : जपानचे मुख्य मार्गही रुंद करायचे.

विरोधात उभा राहिला हारा ताकाशी आणि त्याचा सेइयुकाई पक्ष. त्यांचं धोरण 'आधी नवे मार्ग बांधा, रुंदीचं मग बघू'. कारण प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघात स्टेशन हवं. जपानीत 'आपल्याच शेतात पाणी वळवणं' असा वाक्प्रचार आहे. त्यातला पाण्याचा शब्द बदलून लोकांनी 'आपल्याच शेतात रेल्वे वळवणं' केलं. १९११मध्ये योजना बारगळली. १९१६मध्ये तेराउची मंत्रिमंडळात गोतो पुन्हा रेल्वेवर आला, १९१७मध्ये योकोहामा मार्गाच्या एका तुकड्यावर रुंद रुळांच्या चाचण्याही झाल्या. त्या घेणारा अभियंता शिमा यासुजिरो. १९१८मध्ये हारा पंतप्रधान झाला आणि विषय संपला.

यासुजिरोचा मुलगा शिमा हिदेओ. १ ऑक्टोबर १९६४ला टोकियो–ओसाका शिनकान्सेन १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून धावली, तिचा मुख्य अभियंता. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

पण हाराच्या बाजूनेही बोलायला हवं. डोंगरातल्या गावाला आधी रेल्वे हवी होती. रुंद की अरुंद, हा प्रश्न ज्याच्या दाराशी रेल्वे आलेली आहे त्याचा. तेव्हा पाणवठा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : 'नाही' म्हणणारे सगळेच अडाणी किंवा स्वार्थी नव्हते.

---

खाडीकाठ

मी गेली अकरा वर्षं टोकियोत आहे, निशी-कासाईला, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. ऑफिस शोवा-दोरीच्या जवळ. हा धागा वाचून काल दुपारी त्या रस्त्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

४४ मीटर रुंद. गोतोच्या लोकांना याहून रुंद हवा होता. मधोमध झाडांचा पट्टा होता, तो पुढे मोटारींनी खाल्ला. संध्याकाळी मुद्दाम सुमिदा नदीवर गेलो. एइताई पूल १९२६चा, कमानीचा, भारदस्त. कियोसु पूल १९२८चा, कोलोनच्या झुलत्या पुलावरून घेतलेला, निळा. दोन्ही भूकंपानंतरच्या पुनर्रचनेतले आणि दोन्हींवरून आजही रहदारी चालू आहे.

'तुकडे तुकडे झाले' असं वर आलंय, ते पैशाच्या बाबतीत खरं. पण जे उरलं तेही बघा. ११७ प्राथमिक शाळा काँक्रीटच्या बांधल्या. ५२ छोट्या बागा, शाळांना लागून, म्हणजे एरवी मुलांना खेळायला आणि आग लागली तर माणसांना पळायला. सुमारे ३ हजार हेक्टर जमिनीची फेरआखणी झाली. सगळी जमीन विकत घेणं फसल्यावर डिसेंबर १९२३च्या कायद्याने असं ठरलं की प्रत्येक मालकाने एक दशांशापर्यंतची जागा रस्त्यांसाठी मोबदल्याशिवाय सोडायची. गल्ल्या सरळ झाल्या त्या अशा. माझ्या मुलीला मी अशाच एका शाळेजवळच्या बागेत झोक्यावर बसवलेलं आहे, ती कशासाठी बांधली होती हे माहीत नसताना.

सम्राट हिरोहितो यांनीही १९८३मध्ये पत्रकारांशी बोलताना म्हटलं होतं की गोतोची योजना पुरती अमलात आली असती तर युद्धात टोकियोची हानी कमी झाली असती.

---

ताम्हण

खाडीकाठ, त्याच सुमिदाच्या काठांवर १९२३च्या सप्टेंबरात कोरियन माणसं मारली गेली. विहिरीत विष टाकलं, आगी लावल्या, अशा अफवा उठल्या आणि गल्लोगल्लीच्या टोळ्यांनी, काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकांनीही, हजारोंना मारलं. चिनी मारले गेले, बोलीवरून परके वाटले म्हणून काही जपानीही मेले.

३ सप्टेंबरला फुनाबाशीच्या नौदल बिनतारी केंद्रावरून गृहखात्याच्या पोलीस विभागाचा संदेश देशभर गेला. कोरियन लोक आगी लावत आहेत, त्यांच्यावर कडक नजर ठेवा, असा. अफवेवर सरकारी शिक्का बसला. त्या दिवशी गृहमंत्री कोण होता? गोतो. पदावर येऊन एकच दिवस झाला होता हे मला ठाऊक आहे. पण पुनर्रचनेच्या चार गोष्टी ठरवायला त्याला वेळ मिळाला होता.

---

पाणवठा

याला माझ्याकडे उत्तर नाही. हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

---

दस्तऐवज

उशिरा आलो. पाणवठांच्या मूळ प्रश्नावर मला एक गोष्ट जोडायची आहे, कारण चर्चा नकळत 'हुकूमशाहीत कामं होतात, लोकशाहीत अडतात' या वळणावर जाईल अशी भीती वाटते.

१९२३मध्ये टोकियोत 'नाही' कोण म्हणालं ते बघा. पुनर्रचनेच्या सल्लागार समितीत सगळ्यांत जोरात विरोध केला इतो मियोजीने. हा निवडून आलेला नव्हता, सम्राटाच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे सल्लागार मंडळाचा, सदस्य होता आणि टोकियोच्या गिन्झा भागात त्याची बरीच जमीन होती. नंतर संसदेत सेइयुकाईने आणखी काटछाट केली. त्या संसदेला मत कोणाचं? ३ येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांचं. सर्व पुरुषांना मताधिकाराचा कायदा १९२५चा, स्त्रियांना मत युद्धानंतर. होन्जो-फुकागावाच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे, ज्यांचं सगळं जळालं, त्यांना 'हो' म्हणायलाही जागा नव्हती आणि 'नाही' म्हणायलाही.

म्हणजे तैवानात वरच्या पट्टेदारांचा हक्क रोख्यांनी काढून घेता आला, कारण त्यांच्या पाठीशी सत्ता नव्हती. टोकियोत जमीनमालक हेच सत्ता होते. युक्ती तीच होती, समोरचा माणूस वेगळा होता.

गोतोला हे कळत नव्हतं असं नाही. डिसेंबर १९२०पासून महापौर असताना त्याने ८० कोटी येनांची शहरयोजना मांडली होती, तेव्हा सबंध देशाचा वर्षाचा अर्थसंकल्प दीड अब्जाच्या आसपास होता. ती कोसळणार हे उघड होतं. मग त्याने दुसरी वाट धरली. यासुदा झेन्जिरो या धनिकाने देऊ केलेल्या देणगीतून १९२२मध्ये टोकियो नगर संशोधन संस्था काढली आणि अमेरिकन अभ्यासक चार्ल्स बिअर्डला बोलावलं. भूकंपानंतर बिअर्डने तारेने कळवलं की आधी रस्ते आखा आणि त्या रेषांत कोणाला बांधू देऊ नका. दोघांनाही शहर दिसत होतं. जळालेल्या माणसांना बरोबर घेऊन त्या जमीनमालकांशी लढायचं, हे मात्र गोतोने केलं नाही. आयुष्यभर तो वरून नेमला गेला होता. कोदामा होता तोवर वरचा हात पाठीशी होता. कोदामा १९०६मध्ये गेला, माजी पंतप्रधान कात्सुरा १९१३मध्ये. १९२३मध्ये पाठीशी कोणी नव्हतं, आणि २७ डिसेंबरला युवराजांवर टोकियोतल्या तोरानोमोनला गोळी झाडली गेली तेव्हा मंत्रिमंडळच गेलं. चार महिनेही मिळाले नाहीत.

---

पाणवठा

दस्तऐवज, धन्यवाद. मी प्रश्न चुकीचा मांडला होता. 'नाही म्हणणारे होते की नव्हते' असं न विचारता 'कोणाचं नाही ऐकलं गेलं' असं विचारायला हवं होतं. दोउलिऊच्या लोकांचं ऐकलं गेलं नाही, गिन्झाच्या जमीनमालकाचं ऐकलं गेलं.

त्याच्या शेवटच्या वर्षांकडे आता वेगळ्या नजरेने बघतोय. १९२६पासून 'राजकारण नीतीचं करा' म्हणत तो गावोगाव व्याख्यानं देत फिरला. मार्च १९२५मध्ये नभोवाणी सुरू झाली तेव्हा तिच्यावर बोलला. सायबेरियात फौज पाठवायची बाजू घेणारा हा परराष्ट्रमंत्री १९२३मध्ये सोव्हिएत दूत योफेला जपानात बोलावतो आणि सत्तरीत मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटतो. एप्रिल १९२९मध्ये ओकायामाकडे व्याख्यानाला जाताना आगगाडीत झटका आला आणि १३ तारखेला क्योतोत गेला. लोकांपाशी जायची वाट त्याला सापडत होती असं मला वाटतं, पण फार उशिरा.

मांचुरिया रेल्वेच्या संशोधन विभागावर वेगळा धागा काढतो. तो विषय इथे मावणार नाही.

---

ताम्हण

जरूर काढा, वाचेन.

एक राहिलं. ताइपेईचं राष्ट्रीय तैवान संग्रहालय मी पाहिलेलं आहे. १९१५मध्ये ती इमारत कोदामा आणि गोतो यांचं स्मारक म्हणून बांधली. घुमटाखालच्या दालनात समोरासमोर दोन कोनाडे आहेत, त्यांत दोघांचे ब्राँझचे पुतळे होते. जपानी गेले तेव्हा ते काढून आत ठेवून दिले. आता ते वर तिसऱ्या मजल्यावर प्रदर्शनात मांडलेत, इतर वस्तूंसारखे, पाटी लावून. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. बाई मुलांना कोदामा कोण, गोतो कोण ते सांगत होत्या. एका मुलाने काहीतरी विचारलं, बाई थांबल्या, आणि मग बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिल्या. मला भाषा येत नसल्याने काय ते कळलं नाही.